धावपट्टीवर कोण कोण येतं

सोमवार, ३ मार्च

मावशीकडे येऊन पोचले. खोली छान आहे. पूर्वेची खिडकी उघडली की पार्कातल्या पाळण्यांवरच्या किंकाळ्या ऐकू येतात आणि पश्चिमेची उघडली की काहीच नाही. खरोखर काहीच नाही. बंद विमानतळाला इतकी ऐसपैस शांतता असते याची मला कल्पना नव्हती. मावशी म्हणाली, "होते सवय. आधी विमानांची झाली होती, मग ती नसण्याची झाली."

मोठं विमानतळ शहराच्या पलीकडे झालं आणि हे कुलूपबंद झालं, त्याला आता काही वर्षं झाली. जागेवर तिघांचा डोळा आहे. शेजारच्या मनोरंजन पार्कला पाय पसरायचेत, एका बिल्डरला इमारती बांधायच्यात आणि हौशी वैमानिकांच्या मंडळाला छोटी विमानं उडवायचीत. मी जागा बघायची, लोकांना विचारायचं आणि काय करावं ते नगरपालिकेला लिहून द्यायचं. ऑफिसात इतकी वर्षं दुसऱ्यांचे नकाशे रंगवले, हे पहिलं काम माझं एकटीचं.

साहेबांनी निघताना नकाशा दिला, त्यात धावपट्टीवर आधीच फिका गुलाबी रंग भरलेला. आमच्याकडे गुलाबी म्हणजे करमणूक. विचारलं, तर म्हणाले, "अहो, तो नुसता अंदाज. तुम्ही मोकळ्या मनानं काम करा." असा साहेब मिळायला नशीब लागतं.

बुधवार, ५ मार्च

आज आत जाऊन आले. किल्ल्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना सगळे बंबवाले म्हणतात. विमानतळ चालू असताना ते तिथल्या अग्निशमन दलाचे प्रमुख होते. सगळ्यांना घरी पाठवलं तेव्हा राखणीला एक माणूस हवा होता, ते राहिले. उंच, थोडे वाकलेले, इस्त्रीचा खाकी शर्ट. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, असं त्यांनीच सांगितलं, हवामान सांगावं तितक्या साधेपणानं.

"येथून पुढे फक्त प्रवासी" अशी पाटी अजून आहे. तिच्यापाशी मी उगाच थबकले. ते म्हणाले, "या. आज तुम्ही प्रवासी."

मला वाटलं होतं जाळी, धूळ, उंदीर असतील. तसं काही नाही. सामानाचा पट्टा पुसलेला. खुर्च्या रांगेत. सामान तोलायच्या काट्यावर बंबवाले अधूनमधून स्वतःचं वजन करतात. मीही केलं. "जादा सामान," मी म्हटलं. ते हसले नाहीत, पण मिशी हलली.

मग बंब दाखवला. लाल, लखलखीत. आठवड्यातून एकदा चालू करून जागच्या जागी पुढेमागे करतात. मी म्हटलं, "आता कशासाठी? इथे जळण्यासारखं काही राहिलंच नाही." तर म्हणाले, "बाई, बंब आहे तो. वाट बघणं हेच त्याचं काम. मी नोकरीभर तेच केलं. एकही विमान जळलं नाही. लोकांना वाटतं आयुष्य फुकट गेलं. मला वाटतं, फार बरं गेलं."

शेवटी टॉवर. जिना चढून दम लागला, पण वर काय उजेड! सगळीकडे काच. एका बाजूला धावपट्टी लांबच्या लांब पडलेली, दुसऱ्या बाजूला पार्कचा गोल पाळणा. दोन खुर्च्या, थर्मास, दुर्बीण. एका खुर्चीवर निळ्या चौकड्यांची उशी. मावशीकडे अगदी याच कापडाच्या आहेत. या भागात एकच कापडवाला असावा. "दुसरी खुर्ची कुणाची?" विचारलं. म्हणाले, "पाहुण्यांची." "पाहुणे येतात?" "तुम्ही आलातच की."

एकट्या माणसानं पाहुण्यांसाठी खुर्ची मांडून ठेवावी, याचं वाईट वाटलं.

रविवार, ९ मार्च

मावशीला डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितलंय. दुपारचा चहा झाला की छत्री घेऊन निघते. नवे कॅनव्हासचे बूट आणलेत, पांढरेशुभ्र. मी म्हटलं, "चल, मी पण येते." तर म्हणाली, "तू हळू चालतेस." मी! चाळिशीही गाठली नाही अजून!

पण चालण्याचा गुण आहे खरा. जाताना कुरकुरत जाते आणि येताना गुणगुणत येते. आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, "तुझे मावसकाका गेल्यापासून मी तिला गुणगुणताना ऐकलेलं नाही." म्हटलं, व्यायाम, आई, दुसरं काही नाही.

बुधवार, १२ मार्च

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

कुंपणाची हद्द तपासत मागच्या बाजूनं चालले होते. पार्कची माल आणणाऱ्या गाड्यांची फाटकं संपतात तिथे कुंपणाला भगदाड आहे. चांगलं माणूसभर. तारेच्या कडांना कुणीतरी जाड रबरी नळी चिरून बसवलीय, कपडे अडकू नयेत म्हणून. मी वाकून आत गेले, आणि जिथे चिटपाखरू नसेल असं समजत होते तिथे माणसंच माणसं!

एक बाई गाडी शिकत होती. शेजारी बसलेला नवरा ओरडत होता, "ब्रेक! ब्रेक!" ती शांतपणे म्हणाली, "कशासाठी? समोर आहे काय?" खरंच नव्हतं काही. 

पुढे एक गृहस्थ ताडताड चालत येताना दिसले. हातातली पांढरी काठी काखेत मारलेली. गाण्याचे मास्तर आहेत, जन्मापासून दिसत नाही. म्हणाले, "आवाजावरून तुम्ही नव्या दिसता. अहो, सगळ्या शहरात मी हात पुढे करून चालतो. इथे हात खिशात घालून चालतो. आपटायला काही नाही. बाजूचं गवत पायाला लागलं की कळतं, वळायचं."

आणि अस्वल! धावपट्टीच्या मधोमध तपकिरी अस्वल उताणं पडलेलं आणि शेजारी त्याचं डोकं. मी दोन पावलं मागे सरले. मग अस्वल म्हणालं, "घाबरू नका, सुट्टी चालू आहे माझी." पार्कात अस्वल होणारी मुलगी. "दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला मिठ्या मारायच्या," ती म्हणाली. "मुलांचं काही नाही हो, पण मोठी माणसंसुद्धा सोडत नाहीत. इथे कुणी मिठी मागत नाही."

मी तिच्याशेजारी आडवी झाले. डांबर ऊबदार होतं. डोक्यावर इतकं आभाळ मी शेवटचं कधी पाहिलं होतं, आठवेना.

साहेबांच्या कागदात या जागेपुढे लिहिलंय, "वापरात नाही."

गुरुवार, १३ मार्च

बंबवाल्यांना भगदाडाचं विचारलं. म्हणाले, "असेल. इतक्या लांबचं मला दिसत नाही." मग पाच मिनिटांनी टॉवरवरून मला पार्कच्या फाटकावरच्या पाटीवरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं, दुर्बीण न लावता.

काणाडोळा करतायत, हे कळायला मला नगररचनेची पदवी लागत नाही. आत कुणाला सोडायचं नाही, हा त्यांना हुकूम आहे. ठरवलं, त्यांचं नाव कुठे घ्यायचं नाही.

सोमवार, १७ मार्च

पार्कच्या मॅनेजरना भेटले. वाटलं होतं गुळगुळीत बोलणारा माणूस असेल. पण चांगला उत्साही निघाला. स्वतः मला गोल पाळण्यात बसवून वर नेलं. विमानं यायची म्हणून पाळणा एका उंचीच्या वर नेता येत नव्हता, आता बंदी उठली. "अजून एवढाच उंच झाला ना," त्यांनी हातानं दाखवलं, "की डोंगरापलीकडचं पाणी दिसेल. लोकांनी आयुष्यात एकदा तरी ते बघावं हो!" बोलताना त्यांचे डोळे चमकत होते. मला तो माणूस आवडला.

वरून धावपट्टीवरची माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. त्यांनी विचारलं, "कोण येतं हो तिथे?" मी भरभरून सांगितलं. मास्तरांचं, गाडीवाल्या बाईंचं. अस्वलाचं मात्र गाळलं, नोकरी आहे तिची. त्यांनी किती आस्थेनं ऐकलं! कुठून येतात, किती वाजता येतात, कुंपण कुठे तुटलंय, सगळं खोदून विचारलं. जागेविषयी इतकं कुतूहल असलेला माणूस या कामात पहिल्यांदाच भेटला.

एका छत्रीखाली दोघं जण सावकाश चालत होती. इतक्या मोठ्या मोकळ्या जागेत इतकं जवळून चालायचं कारण काय, असं मनात आलं. ऊन असेल.

गुरुवार, २० मार्च

भगदाड बुजवलं. काटेरी तार, वर नवी पाटी. मास्तर कुंपणापाशी उभे होते, तारेवरून हळूहळू हात फिरवत. "इथे दार होतं," म्हणाले.

बंबवाल्यांच्या हातात पत्र पडलंय. राखणीत कसूर. महिनाअखेर किल्ल्या परत करा. पुढची राखण "तात्पुरती" पार्ककडे.

मॅनेजरना फोन केला. म्हणाले, "मॅडम, तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे. उद्या कुणाला काही झालं असतं म्हणजे?" आवाजात तीच आस्था. मी फोन ठेवला.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "बरंच झालं की. आता 'वापरात नाही' असं निर्धास्त लिहा." तेव्हा मला गुलाबी रंग नीट दिसला. मोकळ्या मनानं काम करायचं म्हणजे मन मोकळं, म्हणजे रिकामं ठेवायचं होतं.

घरी सांगितलं, तर मावशीनं कप बशीवर असा आदळला की कान तुटला. "त्याला काढलं? तू सांगितलंस?" मी म्हटलं, मी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. "नाव नाही घेतलंस! घर दाखवलंस आणि म्हणतेस नाव नाही घेतलं!" मग खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

मावशी मुळात हळवी. पण एका राखणदारासाठी इतकी?

शुक्रवार, २१ मार्च

सकाळीच बंबवाल्यांकडे गेले. ते बंबाचे टायर पुसत होते. माफी मागायची म्हणून काय काय जुळवून नेलं होतं, ते तोंडातच राहिलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही खोटं सांगितलंत का?"

"नाही."

"मग झालं. खरं सांगणाऱ्या माणसावर मी रागवायचं, तर मग रागवायचं नाही कुणावर?"

"पण तुमची नोकरी—"

"ती जाणारच होती. आज ना उद्या." फडकं पिळता पिळता म्हणाले, "ती जेवली का रात्री?"

"कोण?"

"मावशी. तुमच्या मावशी. त्या."

जेवली नव्हती. मी तसं सांगितलं. ते बराच वेळ एकच टायर पुसत राहिले. माणूस मोठ्या मनाचा. स्वतःवर संकट आलंय आणि मावशीला जेवण न गेल्याचं ऐकून चेहरा उतरला.

मंगळवार, २५ मार्च

अहवाल लिहितेय. साहेबांचं वाक्य काढलं. "वापरात आहे" लिहिलं. मग भीती वाटली. शनिवारी नगरपालिकेची सुनावणी आहे. कोण वापरतं, हे शपथेवर सांगायला कुणी उभं राहिलं नाही, तर माझा कागद म्हणजे पतंग. आणि जो उभा राहील तो कुंपण ओलांडल्याचं स्वतःच्या तोंडानं कबूल करणार. मी कुणाला कुठल्या तोंडानं सांगू, या म्हणून?

तरी दारोदार गेले. मास्तर म्हणाले, बघतो. गाडीवाल्या बाईंचा नवरा म्हणाला, नको ती भानगड. अस्वल म्हणालं, "माझं घर चालतं त्यावर," आणि नजर चुकवली. तिचं बरोबर आहे. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याला म्हणायचं हो पुढे, हे मला जमत नाही.

मावशी माझ्याशी कामापुरतं बोलते. "मीठ दे." "दिवा बंद कर." फिरायला जात नाही. बूट दाराशी तसेच पडलेत.

शनिवार, २९ मार्च

आज शाळेच्या सभागृहात सुनावणी झाली. जे घडलं ते घडलं तसं लिहिते.

व्यासपीठावर नगरपालिकेच्या अध्यक्षबाई, शेजारी आमचे साहेब. मी बाजूच्या टेबलाशी. मॅनेजरनी उंच पाळण्याचं चित्र दाखवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बिल्डरनं घरांचं सांगितलं, थोड्या कमी वाजल्या. वैमानिक मंडळाचे अध्यक्ष इतके लांबले की माइकच कंटाळून कुरकुरायला लागला.

मग मी वाचलं. "जागा वापरात आहे" म्हटल्यावर साहेबांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, "वापरात? कुलूप असताना? कोण येतं तिथे?"

कुणी उठलं नाही. मास्तर होते, पण खाली मान घालून.

"मी येते."

आवाज मागून आला. ओळखीचा आवाज नको त्या जागी ऐकला की आधी कळतच नाही. मावशी उभी होती, पांढऱ्या बुटांत.

"मी रोज दुपारी येते. भगदाडातून. पहिल्या दिवशी बंबवाल्यांनी अडवलं. दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशी तारेला रबर लावलेलं होतं. त्यांना बोल लावायचा, तर मला आधी लावा."

लोक हसले. अध्यक्षबाईंनी विचारलं, "पण तिथे करता काय तुम्ही?"

"काय करायचंय? चालते. बसते. बोलते." मग ती मॅनेजरकडे वळली. "तुमचा पाळणा छान आहे. मी भाचरांना घेऊन आले होते. पण खरं सांगा, तुमच्याकडे आलेला माणूस पाळण्यात जास्त वेळ असतो की रांगेत?"

मॅनेजर प्रामाणिक माणूस. म्हणाले, "रांगेत."

"तेवढंच म्हणायचंय. या गावात प्रत्येक गोष्टीला रांग आहे. दवाखान्याला आहे, बसला आहे, मजा करायला आहे. तिथे नाही. तिथे माझ्या पुढे कुणी नाही आणि मागून कुणी ढकलत नाही. पाळणा करा उंच, मला पण बघायचंय ते पाणी. पण ती पट्टी राहू द्या."

आणि बसली. मग मास्तर उठले. मग तो नवरा उठला, आणि बायको त्याला खाली खेचत म्हणाली, "मी चालवते, मी बोलते." अस्वल आलं नाही. मी तिची वाटही पाहिली नाही, आणि मनात तिच्यावर रागही नाही.

बंबवाले दाराशी उभे होते. ते एक शब्द बोलले नाहीत. फक्त मावशीकडे बघत होते. गर्दीमुळे असेल, डोळ्यांत पाणी होतं.

मला आत्तापर्यंत एकच कोडं पडलंय. दुखऱ्या गुडघ्यांनी ही बाई भगदाडातून वाकून जातेच कशी?

गुरुवार, १० एप्रिल

निकाल लागला. इमारत आणि तिच्यापुढची जागा पार्कला, पाळणा उंच होणार. विमानं नाहीत, बिल्डरही नाही. धावपट्टी दोन वर्षं लोकांना खुली, प्रयोग म्हणून. पुढचं पुढे. सगळ्यांना थोडं मिळालं, सगळे थोडे नाराज. अध्यक्षबाई म्हणाल्या, यालाच निकाल म्हणतात.

बंबवाल्यांची नोकरी परत मिळाली नाही. त्यासाठी मी तीनदा अर्ज केला, "वयोमर्यादा" एवढंच उत्तर आलं. बंब पार्कवाले ठेवून घेणार, मुलांना चढायला. हे त्यांना सांगताना मला जड गेलं. ते म्हणाले, "चढू दे की. रंग मात्र लाल ठेवा म्हणावं."

साहेबांनी मला पुढचं काम दिलेलं नाही. बघू.

रविवार, १३ एप्रिल

सकाळी मावशीनं समोर बसवलं. चहा ओतला. बशीवर कप ठेवताना आवाज झाला नाही, म्हणजे राग नव्हता.

"तुला खोली सोडावी लागेल," ती म्हणाली. "तुझं काम संपलंच आहे. पंधरा दिवसांनी आम्ही लग्न करतोय."

"आम्ही म्हणजे कोण?"

तिनं माझ्याकडे इतक्या दयेनं पाहिलं की मला शाळेतली गणिताची बाई आठवली. मग म्हणाली, "अगं, साक्षीदार लागतील दोन. एक तू. दुसरे मास्तर, ते हो म्हणालेत."

एका क्षणात सगळं आठवलं आणि मी लाजेनं पाणी पाणी झाले. जिथल्या तिथे, माझ्या नाकासमोर! आणि मी टॉवरवरून, पाळण्यावरून, भगदाडातून बघत होते.

"म्हणजे मास्तरांना माहीत होतं?"

"मास्तरांना पावलांच्या आवाजावरून कळलं. पहिल्याच आठवड्यात."

"मग मला का नाही सांगितलंस?" माझा आवाज जरा चढलाच.

मावशीनं चहाचा घोट घेतला. "तू कुठे विचारलंस? सगळं गाव पालथं घातलंस. काय हवं, कशासाठी येता, काय वाटतं, अनोळखी माणसांना विचारलंस, अस्वलालासुद्धा विचारलंस. मी रोज छत्री घेऊन तुझ्यासमोरून जात होते. तू मला एकदाही विचारलं नाहीस, मावशी, कुठे जातेस गं?"

बाहेर पार्क उघडला, पहिली किंकाळी ऐकू आली. मी खुर्ची पुढे ओढली.

"बरं," मी म्हटलं. "आता विचारते. कुठे जात होतीस?"

ती हसली आणि सांगायला लागली. दुपार झाली तरी सांगत होती. मधे एकदा सवयीनं मी पेन उचललं. मग खाली ठेवलं.

तिनं सांगितलेलं इथे लिहीत नाही.